खांदेरीसमोर बसून राक्षस मारताना

मारोडर नावाचा एक राक्षस आहे. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात ढाल, जवळ दुनळी आणि मदतीला मंत्राने उभा केलेला लांडगा. तुम्ही लांब गेलात तर तो कुऱ्हाड फिरवून आगीचा झोत पाठवतो. अंगाशी आलात तर दुनळी छातीवर रिकामी करतो. भांबावून नुसत्या गोळ्या सोडत राहिलात तर ढाल पुढे धरतो आणि लांडगा अंगावर घालतो. त्याच्याशी लढायची जागा एकच, ना लांब ना जवळ. तिथे टिकलात की तो कुऱ्हाड उगारून येतो, निमिषभर त्याचे डोळे हिरवे चमकतात आणि तेवढ्यात तुमचा बार बसला तर बसला. नाहीतर ये रे माझ्या मागल्या. आणि हे चालू असताना बाकीचे राक्षस काही चहा पीत बसलेले नसतात.

'डूम इटर्नल' हा खेळ मी यंदाच्या पावसाळ्यात संपवला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मनगटाला पट्टा, नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि शेजारी "मावशी, पळ! उभी नको राहूस!" म्हणून ओरडणारा भाचा. घर रायगडच्या किनाऱ्यावर थळला. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, समोर पावसात कधी दिसणारी कधी बुडणारी खांदेरी-उंदेरी बेटं. अशा दिवसांत किनाऱ्यावरच्या घरात दुसरं करण्यासारखं फारसं नसतं. वाचन होतं, पण तेही किती करणार! भाच्याने त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आणून ठेवला होता. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या डब्याच्या कडांना तांबेरा चढलेला, पंखा सुरू झाला की डबा थरथरायचा. त्याच्यावर हा खेळ अर्धवट पडून होता.

अर्धवट राहण्यालाही कारण होतं. 'डूम इटर्नल' बाजारात आला २० मार्च २०२० ला. दोन दिवसांनी जनता कर्फ्यू, आणखी तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी. भाचा त्याच महिन्यात सुरू झालेल्या मांडव्याच्या रो-रो बोटीने कॉम्प्युटर गाडीत घालून भाऊच्या धक्क्यावरून घरी आला तो घरीच अडकला. अनेकांनी त्या वसंतात पाव भाजले, त्याने राक्षस भाजले. मग ३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं. नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. पृथ्वीवर नरक उतरल्याची गोष्ट सांगणारा खेळ तिथेच थांबला. पुढे नोकरी, लग्न, नवा लॅपटॉप. राक्षस बिचारे थांबून राहिले.

खेळाचं कथानक एका वाक्यात सांगता येतं. नरकातले राक्षस पृथ्वीवर आले आहेत आणि एक माणूस त्यांना मारत सुटला आहे. पण तो मारतो कसा, ते नीट सांगायला हवं, कारण या खेळाची सगळी अक्कल तिथे आहे.

बाकीच्या बंदुकीच्या खेळांत जीव धोक्यात आला की भिंतीआड लपायचं, श्वास घ्यायचा, जखम भरून आली की पुन्हा डोकं वर काढायचं. इथे लपलात की मेलात. तुमच्याजवळ गोळ्या मुद्दाम थोड्या दिलेल्या असतात, दोन राक्षसांत खडखडाट होतो. गोळ्या हव्यात? एखादा बारका राक्षस गाठून यांत्रिक करवत चालवा, त्याच्या अंगातून गोळ्या सांडतात. रक्त कमी झालंय? एखाद्याला अर्धमेला करा. तो डुलायला लागला, अंग लुकलुकायला लागलं की हातांनी संपवा, तुमचं आयुष्य भरून निघतं. चिलखत हवं? खांद्यावर एक भाता आहे, त्याची ज्वाळा राक्षसावर सोडा, तो जळता जळता चिलखताचे तुकडे गाळतो. थोडक्यात, ज्याच्यापासून जीव वाचवायचा त्याच्याचकडे शिधा मागायला जायचं. जितके घायाळ व्हाल तितकं शत्रूच्या जवळ जाणं भाग. खेळाचा दिग्दर्शक ह्यूगो मार्टिन आणि त्याच्या चमूने हे गणित फार काटेकोर बसवलंय. सुरुवातीला मला ते भयंकर चीड आणणारं वाटलं. हिशेब ठेवायचा की पळायचं? मग काही दिवसांनी बोटांनाच हिशेब कळायला लागला आणि डोकं मोकळं झालं. डावा अंगठा उडीवर, करंगळी झेपेवर, उजव्या हातात निशाणा. मिक गॉर्डनचं संगीत लढाई चढेल तसं चढतं आणि खोली रिकामी झाली की ओसरतं, त्यामुळे कान आधीच सांगतात की अजून कोणीतरी शिल्लक आहे.

कॅकोडेमन नावाचा एक लाल, गोल, एकाक्ष, हवेत तरंगणारा राक्षस आहे. तो तोंड वासतो तेव्हा त्यात हातबॉम्ब टाकायचा. तो गिळतो, बॉम्ब आतल्या आत फुटतो आणि राक्षस डुलायला लागतो. मॅन्क्युबस नावाच्या लठ्ठ्याच्या हातांच्या तोफा आधी फोडायच्या, रेव्हेनंटच्या खांद्यांवरचे अग्निबाण आधी उडवायचे. प्रत्येकाचं मर्म वेगळं. एखाद्या वैद्याला रोग्याची नाडी कळावी तसे हे राक्षस मला आता कळतात.

आईला मात्र हे पुरेसं वाटलं नाही. ती दारात सुका जवळा निवडत बसलेली असायची, मधूनच मान वर करून पडद्याकडे बघायची. एकदा तिने विचारलं, "हा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे?"

"म्हणजे आईबाप कोण? कोणी वर दिला याला? काय वाईट केलं याने?"

भाचा म्हणाला, "आजी, तो राक्षस आहे." आई म्हणाली, "ते दिसतंय मला," आणि पुन्हा जवळ्यातला कचरा वेचायला लागली.

तिचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पहिला 'डूम' बनत होता तेव्हा तिकडे टेक्सासमध्ये याच प्रश्नावर खडाजंगी झाली होती. इड सॉफ्टवेअर ही मूठभर तरुणांची कंपनी. त्यातल्या टॉम हॉलने खेळासाठी पात्रं, जागा, घटनाक्रम असा जाडजूड दस्तऐवज लिहून काढला, त्याचं नावच 'डूम बायबल'. जॉन कारमॅक हा त्यांचा मुख्य प्रोग्रॅमर, त्याला कथेत रस नव्हता, वेगात होता. शेवटी वेग जिंकला, बायबल बाजूला पडलं आणि हॉल १९९३ मध्येच कंपनीतून बाहेर पडला. १० डिसेंबर १९९३ ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर खेळ चढवायची वेळ आली, तर वाट बघणाऱ्यांचीच तिथे एवढी झुंबड की चढवणाऱ्यांना आत शिरायला जागा मिळेना. राक्षस जगभर गेले ते असे, आईबापांविना.

ते घडवले मात्र निगुतीने होते. एड्रियन कारमॅकने (जॉनचा तो कोणी लागत नाही, नुसतं आडनाव सारखं) काही राक्षसांच्या चक्क मातीच्या मूर्ती केल्या. मूर्ती फिरवत फिरवत आठ बाजूंनी तिचं चित्रण करायचं, मग ती चित्रं कॉम्प्युटरवर एकेक ठिपका रंगवून साफ करायची. मातीकाम, मग रंगकाम, शेवटी डोळे. गणपती घडवणाऱ्या पेणच्या माणसाला यातलं काही नव्याने सांगायला नको. खेळातल्या बंदुका म्हणजे खेळण्यांचे फोटो होते आणि ती प्रसिद्ध करवत टॉम हॉलच्या मैत्रिणीकडून उसनी आणलेली. पहिला भाग फुकट वाटला, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवा, असा धंदा. तो फुकट भाग दोन फ्लॉप्यांत मावायचा. नव्वदीत अलिबागच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी तो प्रथम पाहिला. सर जेवायला गेले की काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप व्हायची आणि सगळा वर्ग एका मशीनभोवती गोळा व्हायचा. मुलींना कीबोर्ड मिळायचा नाही. यंदा मी एवढ्या हट्टाने खेळले त्यात त्याचाही वाटा असावा.

गंमत म्हणजे 'डूम इटर्नल'मध्ये बनवणाऱ्यांना टॉम हॉलची आठवण झालेली दिसते. जागोजागी पानं विखुरलेली आहेत. ती गोळा केली की राक्षसांची, पुरोहितांची, प्राचीन योद्ध्यांची वंशावळ वाचायला मिळते. मारोडर हा मूळचा नायकाच्याच बाजूच्या योद्ध्यांपैकी, फितूर झालेला. म्हणजे आईला उत्तर आहे! पण ते वाचायला खेळ थांबवावा लागतो, आणि हा खेळ थांबवावासा वाटत नाही. मी पानं गोळा केली, वाचली, आणि सांगते, न वाचलीत तरी चालेल. जड, अलंकारिक, नावांवर नावं रचलेली भाषा आहे. कथेचा भाग या खेळात सर्वांत कच्चा, आणि शेवटाकडे तो अधिकच फोफावतो.

कथेत एकच जागा खरी धारदार आहे. मंगळावरची एक बलाढ्य कंपनी नरकातून ऊर्जा काढते, त्यातूनच हा अनर्थ. पृथ्वीची राखरांगोळी झाल्यावरही कंपनीच्या प्रवक्त्यांच्या छाया चौकाचौकांत उभ्या राहून गोड आवाजात निवेदनं देत असतात. राक्षसांना राक्षस म्हणू नका, तो शब्द अपमानकारक आहे, त्यांच्यासाठी अमुक सौम्य शब्द वापरा. इथे मी मोठ्याने हसले. प्रकल्पाची गोड भाषा रायगडकराला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या थळला खताचा कारखाना आला, पुढे पेणच्या बाजूला महामुंबई सेझ यायचा होता आणि त्यासाठी सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावं लागलं. कारखान्याने रोजगार दिला हेही खरं, उगाच कशाला नाकारा. पण माहितीपत्रकातली भाषा आणि सातबाऱ्यावरची भाषा यांत किती अंतर असतं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे राक्षसाला मारायची घाई कधीच नव्हती. नरकासुर घ्या, दिवाळीचाच आहे. तो भूमीचा मुलगा, म्हणून भौमासुर. त्याने सोळा हजारांवर स्त्रिया कोंडल्या, कृष्णाने त्याला मारलं, आणि मरताना त्याने वर मागितला की या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये. वर मिळाला. म्हणून नरक चतुर्दशीच्या पहाटे थंडीत कुडकुडत उटणं लावून घ्यायचं, अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावून तोंड वाकडं करायचं. कोकणातल्या पोराच्या हातून, खरं तर पायातून, झालेला हा पहिला राक्षसवध. आणि सणाला नाव कोणाचं? मारणाऱ्याचं नव्हे, मेलेल्याचं.

संकासुराची गोष्ट आणखी पुढची. वेद पळवून समुद्रात दडणारा हा असुर, त्याच्यासाठी विष्णूला मासा व्हावं लागलं. दशावतारात तो पूर्वरंगात येतो आणि लोकांना हसवून जातो. शिमग्याच्या खेळ्यांत तो काळ्या कपड्यांत, मुखवटा चढवून, कमरेच्या घुंगरांचा नाद करत दारोदार येतो. पोरं किंचाळत माजघरात पळतात आणि त्याच घरातली बाई त्याच्यापुढे नारळ ठेवून नवस बोलते. ज्याला देवाने मारलं त्याच्याकडेच मूल मागायचं! या व्यवहारात कोणालाही विसंगती वाटत नाही.

आणि माझ्या खिडकीतून दिसणारी खांदेरी. तिथे वेताळाचं देऊळ आहे, आत पांढरी रंगवलेली शिळा. ती शिळा वाढत जाते असं कोळी सांगतात. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, डूमच्या कारागिरांच्या हाती लागला असता तर शेवटच्या पातळीवर उभा केला असता आणि आपण त्याच्यावर रॉकेटं सोडली असती. इथे तो दर्यावरच्या माणसांचा राखणदार आहे. खाली सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. भुताला कामाला लावलं, पगारी नाही पण मानाने.

मी हे आमचं थोर आणि त्यांचं थिटं म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं तर खेळ संपता संपता मला दोन्हींत एक धागा दिसायला लागला. डूममधला राक्षसही मरताना काहीतरी देऊनच जातो. गोळ्या, रक्त, चिलखत, जे काही नायकाकडे आहे ते सगळं राक्षसाचं देणं. नरकासुर अभ्यंगस्नान देऊन गेला, हे शिधा देऊन जातात. फरक इतकाच की डूमचा नायक आभार मानत नाही. त्याला तोंडच उघडायचं नसतं.

झेपेबद्दल राहिलं. खेळात दोन झेपा लागोपाठ मारता येतात, हवेतसुद्धा, आणि दुनळीला लावलेला आकडा राक्षसात रुतवून त्याच्याकडे खेचून जाता येतं. देहाने आडदांड असलेल्यांना हलकं आणि चपळ राहून हरवायचं. हे करताना माझी नजर कधी कधी खिडकीबाहेर जायची. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना खांदेरीवर किल्ला बांधायला पाठवलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. इंग्रजांचं 'रिव्हेंज' मोठं, तोफा जड. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांवर वाऱ्याविरुद्धही जाणाऱ्या. अंधारात त्या सामान घेऊन वेढ्यातून निसटायच्या आणि बेटावरचा तट वर चढत राहायचा. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाज मराठ्यांनी पकडलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांनी तीच रीत पक्की केली, मोठ्या जहाजाच्या पिछाडीला लागायचं, जिथे त्याच्या तोफा तोंड वळवू शकत नाहीत. खांदेरीचा तट अजून उभा आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो आहे. यावर कोणी वेगवान खेळ का केला नाही, हे मला कळत नाही. साहित्य सगळं तयार आहे, दर्या, अंधार, वल्ही, वेताळसुद्धा.

मराठी मुलखातून असा प्रयत्न झालेलाच नाही असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्येच आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो तडीस नेला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी पोर राजी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी रक्षाबंधनाच्या दिवशी पळवलेला, हातात त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत. 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणातल्या खेळांसाठीच्या नामांकनांतही तो होता. मी तो डूमनंतर खेळले, त्यामुळे लढाई मला संथ वाटली, कुठे कुठे बोजड, आणि शेवट अर्धा सोडून दिल्यासारखा. पण आईने तो शेजारी बसून जवळजवळ सगळा पाहिला. तिथे तिला विचारावं लागलं नाही की हा कोणाचा. महाबलासुर म्हटल्यावर तिचं ती जुळवून घेत होती.

डूमचा शेवटचा राक्षस मात्र मला आवडला नाही. 'आयकॉन ऑफ सिन' इमारतींएवढा आहे, त्याच्या अंगावरचं चिलखत तुकड्या-तुकड्याने उडवायचं, मग उघड्या मांसावर पुन्हा तेच. नुसता मोठा, मारोडरची एक आणाही अक्कल नाही. १९९४ च्या 'डूम २'मध्ये हाच राक्षस भिंतीवरचं चित्र होता. चित्रामागे खेळाचा एक कर्ता जॉन रोमेरो याचंच मुंडकं लपवलेलं होतं, आणि राक्षस मारायचा तर रॉकेट त्या मुंडक्याला लागावं लागे. सहकाऱ्यांनी केलेली थट्टा ती, पण आजच्या अवाढव्य प्रतिमेपेक्षा तिच्यात मजा जास्त. मे २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'मध्ये म्हणे नायकाला करवतीच्या दात्यांची ढाल दिली आहे आणि पळण्यापेक्षा पाय रोवून लढायला लावलं आहे. भाच्याच्या जुन्या डब्यावर तो चालणार नाही, तेव्हा त्याबद्दल माझं मत नाही.

माझ्या वयाच्या वाचकांना हा खेळ करून बघावासा वाटला तर थोडं सांगते. रक्तपात भरपूर आहे, लहान मुलांसमोर नको. अडचणीच्या चार पातळ्या आहेत, त्यांतली सर्वांत सोपी निवडा, तिचं नाव खेळणाऱ्याला लहान ठरवून चिडवतं, तिकडे लक्ष देऊ नका. तासाभराने उठा, मनगट सोडवा. खेळ लढाईच्या मध्ये जिथे पाहिजे तिथे जपून ठेवता येत नाही, ठरावीक खुणेपर्यंत पोचावं लागतं, आणि आमच्याकडे लाइट नेमकी मारोडरचे डोळे हिरवे झाले की जाते. तेव्हा किनाऱ्यावर राहत असाल तर आधी यूपीएस घ्या, खेळ त्यानंतर.